पिलू राजहंसाचे नसते तर?

२ एप्रिल हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. १९६७ सालापासून ही प्रथा सुरू आहे. तारीख निवडण्याचे कारण असे की, त्या दिवशी डेन्मार्कचा परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन जन्माला आला. एप्रिल हा आपल्यासाठी महात्मा फुले आणि बाबासाहेबांच्या जयंतीचा महिना. वस्त्यावस्त्यांत मंडप, मिरवणुका आणि व्याख्याने यांची धावपळ चाललेली असते. या गडबडीत परक्या देशातल्या, दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका गोष्टीवाल्याची आठवण कशाला काढायची, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, हा माणूस जोडे शिवणाऱ्याचा मुलगा होता. त्याची आई लोकांचे कपडे धूत होती. आणि जे पोर सगळ्यांपेक्षा वेगळे दिसते म्हणून टोचले जाते, त्याची जगातली सर्वांत गाजलेली गोष्ट त्याने लिहिली. ती गोष्ट आपल्या मुलांपर्यंत केव्हाच पोहोचली आहे. तिच्यामागचा माणूस मात्र पोहोचलेला नाही. आणि त्या माणसाचे आयुष्य बाजूला ठेवून ती गोष्ट वाचली तर मुले तिच्यातून भलताच धडा शिकतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अँडरसनचा जन्म १८०५ सालचा, फ्यून बेटावरच्या ओडेन्से गावातला. एका खोलीचे घर आणि त्याच खोलीत बापाचे जोडे शिवण्याचे बाकडे. बाप स्वतंत्र बुद्धीचा होता. त्याला शिकायचे होते, पण गरिबीने शिकू दिले नाही. रात्री तो मुलाला अरबी सुरस कथा वाचून दाखवी. त्याने मुलाला बाहुल्यांचे छोटे नाटकघरही करून दिले होते. नेपोलियनच्या युद्धाच्या काळात, १८१२ साली, पैशासाठी तो दुसऱ्या माणसाच्या बदली सैन्यात भरती झाला. १८१४ साली परत आला तो खचूनच, आणि १८१६ साली मेला. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आई आन मारी ओडेन्से नदीच्या गार पाण्यात उभी राहून दुसऱ्यांची धुणी धुवायची. अंगात ऊब राहावी म्हणून दारू घ्यायची. पुढे दारूने तिला धरले ते सोडले नाही. १८३३ साली गरिबांसाठीच्या आश्रमात तिचा अंत झाला. मुलगा त्या वेळी रोममध्ये होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डेन्मार्कमधला जोडे शिवणारा आणि आपल्याकडचा चर्मकार यांची तुलना सरसकट करता येणार नाही. तिथे दारिद्र्य होते, हलका दर्जा होता, पण विटाळ नव्हता. त्या बापाच्या सावलीने कोणी बाटत नव्हते. तरीही पोराच्या वाट्याला जे आले ते वाचताना आपल्या वाचकांना ते अनोळखी वाटणार नाही.

अँडरसनच्या आजोबांचे डोके ठिकाणावर नव्हते. रस्त्यावरची पोरे त्यांच्यामागे ओरडत धावायची. एकदा हे दृश्य पाहून छोटा हान्स जिन्याखाली लपून बसला. आपण त्याच रक्ताचे आहोत, म्हणजे उद्या आपल्यामागेही ही पोरे अशीच लागतील, ही भीती त्याच्या मनात बसली. पुढे त्याला कापडाच्या कारखान्यात कामाला धाडले. त्याचा आवाज गोड आणि बारीक होता. कामगारांनी आधी त्याला गायला लावले, मग हा मुलगा आहे की मुलगी, असे म्हणत त्याला धरून अंगाशी झोंबले. तो रडत घरी पळाला. आईने त्याला पुन्हा तिथे पाठवले नाही. शाळेचेही तेच. एका शाळेत मास्तरणीने मारले म्हणून आईने त्याला काढले आणि ज्यू मुलांच्या शाळेत घातले. तिथे त्याला सारा नावाची एक ज्यू मैत्रीण मिळाली. तिला मोठे होऊन एखाद्या मोठ्या वाड्यावर दूधदुभत्याचे काम करायचे होते. हान्सने तिला सांगितले की, तो स्वतः खरा थोर घराण्यातला आहे, लहानपणी त्याची अदलाबदल झाली, आणि देवदूत त्याच्याशी बोलतात. सारा इतर मुलांकडे वळून म्हणाली की, हा आपल्या आजोबासारखाच वेडा आहे. मैत्री तिथेच संपली.

वाचकांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. जोडे शिवणाऱ्याचे पोर आपली इज्जत वाचवण्यासाठी काय सांगते? मी गरिबाचा असलो तरी माणूस आहे, असे ते सांगत नाही. मी मुळात तुमच्यातला नाहीच, माझे अंडे वेगळे आहे, असे सांगते. कुरूप पिलाच्या गोष्टीचे बीज इथे आहे आणि त्या गोष्टीचा दोषही इथेच आहे.

१८१९ साली चौदाव्या वर्षी हा मुलगा थोडे पैसे घेऊन एकटा कोपनहेगनला गेला. तो पोहोचला तेव्हा शहरात ज्यूंविरुद्ध दंगल चाललेली होती. राजधानीचे पहिले दर्शन त्याला असे घडले. गाणे, नाच, नाटक असे सगळे करून पाहिले. आवाज फुटला आणि गाणे गेले. १८२२ साली रॉयल थिएटरने त्याला काढून टाकले. पण त्याच थिएटरच्या कारभारातले योनास कोलिन यांनी त्याची बुद्धी ओळखली. त्यांनी राजाकडून मदत मिळवून दिली आणि सरकारी पैशातून त्याच्या शिक्षणाची सोय झाली. कोणत्याही राजहंसाने त्याला पंख दिले नाहीत. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. गरिबाच्या पोराची बुद्धी जन्मजात असली तरी संधी जन्मजात नसते. ती कोणीतरी अडवलेली असते आणि कोणीतरी उघडून द्यावी लागते.

पण शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे छळ थांबतो, असे नाही. स्लागेल्सेच्या शाळेत सतरा वर्षांच्या उंच, हडकुळ्या अँडरसनला अकरा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसवले गेले. मुख्याध्यापक सिमोन मायस्लिंग हा विद्वान गृहस्थ होता, पण भर वर्गात त्याची टर उडवायचा. पुढे तर अँडरसन त्याच्याच घरी राहायला होता, म्हणजे सुटका कुठेच नाही. कविता लिहायला बंदी होती. १८२६ साली त्याने मरणाऱ्या बालकावर एक कविता लिहिली, ती पुढे नावाजली गेली. मुख्याध्यापकाने मात्र तिच्यावरूनही त्याला झोडपले. अखेर शाळेतल्याच एका तरुण शिक्षकाने कोलिन यांच्या कानावर हा प्रकार घातला आणि १८२७ साली त्याची तिथून सुटका झाली. बघणारा एक माणूस बोलला म्हणून हे झाले. बाकीचे सगळे बघतच होते. तो मुख्याध्यापक अँडरसनच्या स्वप्नात म्हातारपणापर्यंत येत राहिला. जगभर नाव झाले, राजांच्या पंगतीला बसला, तरी रात्री तो पुन्हा त्या बाकावर असे. शाळेतली टिंगल पोरे विसरून जातात, असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

मैत्रीचा अनुभवही तसाच. योनास कोलिन यांचा मुलगा एडवर्ड हा अँडरसनचा जवळचा मित्र. डॅनिश भाषेतही आपल्यासारखे तू आणि आपण असे दोन प्रकार आहेत. १८३१ साली अँडरसनने पत्र लिहून त्याला विनंती केली की, यापुढे दोघांनी एकमेकांना तू म्हणावे. एडवर्डने नकार दिला. मदत करीन, हस्तलिखिते तपासीन, व्यवहार सांभाळीन, पण तू म्हणणार नाही. एका सर्वनामाएवढे अंतर त्याला आयुष्यभर ओलांडता आले नाही. आपल्याकडे उलटी तऱ्हा होती. आपल्या म्हाताऱ्यांनाही गावातले शेंबडे पोर अरेतुरे करायचे. पण मुद्दा एकच. कोण कोणाला कसे हाक मारतो, यात सगळी समाजरचना दडलेली असते. १८४७ साली अँडरसनने माणूस आणि त्याची सावली यांची गोष्ट लिहिली. तिच्यात सावली मोठी होते आणि मालकाला तू म्हणू देत नाही. जखम किती खोल होती, हे त्यावरून कळते.

१८३५ साली त्याच्या परीकथांची पहिली छोटी पुस्तिका निघाली. समीक्षक नाराज झाले, कारण ही भाषा पुस्तकी नव्हती. ओट्यावर बसून मुलांना सांगावे तशी ती होती. ज्याला प्रस्थापित साहित्य अशुद्ध म्हणते तीच भाषा लोकांच्या जिभेवर टिकते, हा अनुभव दलित साहित्याने पुढे आपल्या भूमीवर घेतलाच. १८३८ साली एका पायाचा शिसाचा शिपाई आला, १८४५ साली काड्यापेट्या विकणारी आणि थंडीत गारठून मेलेली मुलगी आली. दुबळी, एकटी, वेगळी दिसणारी पोरे त्याने बालवाङ्मयाच्या मध्यभागी आणून बसवली. हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आता त्या कुरूप पिलाकडे येऊ. ही गोष्ट १८४३ साली प्रसिद्ध झाली. आपल्या आयुष्याचेच ते प्रतिबिंब आहे, हे तो स्वतः मानत असे. महाराष्ट्रात गदिमांनी रचलेल्या आणि आशा भोसले यांनी गायिलेल्या तळ्यातल्या पिलांच्या गाण्यामुळे ती घराघरांत गेली. गाण्यात न आलेला तपशील मूळ गोष्टीत आहे आणि तो फार बोलका आहे. त्या बदकांच्या आवारात एक म्हातारी बदकीण सर्वांत थोर मानली जाते, कारण तिचे रक्त स्पॅनिश आहे आणि तिच्या पायाला तांबडी चिंधी बांधली आहे. सगळ्यांनी तिच्यापुढे मान तुकवायची. वाम माशाच्या एका डोक्यासाठी दोन घराणी भांडतात. पिलाला बदके चावतात, कोंबड्या टोचतात, दाणे टाकणारी मुलगी लाथ मारते. आई आधी त्याची बाजू घेते, पण शेवटी तीही म्हणू लागते की, हे इथून दूर गेले तर बरे. पुढे एका म्हातारीच्या झोपडीत बोका आणि कोंबडी त्याची परीक्षा घेतात. अंडी घालता येतात का? पाठीची कमान करता येते का? नाही ना, मग तोंड उघडू नकोस. गुणवत्तेच्या नावाने चाललेली ही परीक्षा आपल्या ओळखीची आहे. ज्यांनी मोजमाप ठरवले त्यांच्यातच ते गुण आहेत आणि तेच गुण म्हणजे गुणवत्ता! समाजाची अशी उलटतपासणी फार थोड्या बालकथांनी घेतली असेल.

पण निकाल काय लागतो? पिलू तळ्यात आपले रूप पाहते आणि ते राजहंस निघते. अंडे राजहंसाचे असेल तर बदकांच्या आवारात जन्मले म्हणून काही बिघडत नाही, असे लेखक शेवटी सुचवतो. म्हणजे पिलाचा छळ वाईट का? तर ते मुळात उच्च कुळातले होते आणि ओळखण्यात घोटाळा झाला म्हणून. ते खरोखरच ओबडधोबड बदक असते तर? ते कधीच सुंदर झाले नसते तर? त्याला टोचणे न्याय्य ठरले असते काय? या प्रश्नाला ही गोष्ट उत्तर देत नाही. ज्या आवारात छळ झाला ते आवार तसेच राहते. तांबडी चिंधी तशीच राहते. कोणाला जाब विचारला जात नाही. जन्मावर ठरणारी प्रतिष्ठा गोष्टीच्या सुरुवातीला खलनायक असते आणि शेवटी तीच तारणहार होते. जन्माने मिळालेला मान नाकारायचा असेल तर तो स्पॅनिश बदकिणीचाही नाकारावा लागेल आणि राजहंसाचाही.

आमचा अनुभव या शेवटाला आणखी एका कारणाने खोटे पाडतो. १९१७ साली परदेशी विद्यापीठाचे शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळेना आणि शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत. आवाराने राजहंसालाही ओळखले नाही, कारण ओळखायचेच नव्हते. हैदराबादचा रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. मुंबईत डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. दोघेही शिकून फार पुढे आलेले होते. पंख फुटले की टोचणे थांबते, हे मुलांना सांगणे म्हणजे त्यांची फसवणूक आहे.

अँडरसनच्या आयुष्यातली एक दुखरी बाजू अशी. आईला लग्नाआधी झालेली कारेन नावाची मुलगी होती, म्हणजे त्याची सावत्र बहीण. तो तिला घाबरत असे. ती कोपनहेगनमध्येच गरिबीत राहत होती. १८४२ साली तिने त्याच्याशी संपर्क साधला तेव्हा तो हादरला. थोडीफार मदत केली, पण आत्मचरित्रात तिला जागा दिली नाही. १८४६ साली ती मेली. ज्या वर्षी तो कुरूप पिलाची गोष्ट लिहायला बसला त्याच वर्षी घरातले दुसरे पिलू दाराशी आले होते आणि राजहंसाला त्याची लाज वाटत होती. आम्ही हे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी सांगत नाही. ज्याला आयुष्यभर हिणवले गेले त्याची ती भीती होती. पण १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली ती इथे आठवल्याशिवाय राहत नाही. फ्लॅटमध्ये गेल्यावर वस्तीचे नाव टाळणारे, आडनाव लपवणारे, बापाच्या कामाचा विषय निघाला की गप्प होणारे आपल्यातही आहेत. एकट्याने राजहंस होण्याची किंमत अशी द्यावी लागते.

तरी हा माणूस तिथेच थांबला नाही. १८५२ च्या सुमारास त्याने एका धुणेवालीची गोष्ट लिहिली. नदीत उभी राहून धुणारी बाई, तिला बाटली नेऊन देणारा मुलगा आणि ती बाई बिनकामाची आहे असे ठरवणारा गावाचा अधिकारी. ती मरते. शेवटी मुलगा विचारतो तेव्हा तिची गरीब मैत्रीण त्याला सांगते की, तुझी आई बिनकामाची नव्हती. इथे कोणी राजहंस निघत नाही. धुणेवाली शेवटपर्यंत धुणेवालीच राहते आणि तशीच ती मानाला पात्र असते. आमच्या मते अँडरसनची खरी थोर गोष्ट ही आहे. जिची त्याला लाज वाटत आली त्या आईची बाजू त्याने अखेर जगापुढे मांडली.

१८५५ साली त्याने शाळेतल्या एका ज्यू मुलीची गोष्ट लिहिली. ख्रिस्ती धर्माच्या तासाला तिला वेगळे पुस्तक देऊन बसवतात आणि पुढे शाळा सोडावी लागते. ती मोलकरीण होते आणि तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरतात. त्या गोष्टीतला धर्मप्रचाराचा सूर आम्हाला पटत नाही. पण भिंतीबाहेरची ती जागा आपल्याला ठाऊक आहे. योगायोग असा की, त्याच १८५५ साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ज्ञानोदयात छापून आला. तिकडे मोठा लेखक वेगळ्या मुलीविषयी हळहळत होता. इकडे वेगळी ठरवलेली मुलगी स्वतःच लेखणी हातात घेऊन जाब विचारत होती. दुसरी वाट आपली आहे.

४ ऑगस्ट १८७५ रोजी अँडरसन वारला. त्याने लग्न केले नव्हते. अखेरच्या आजारात त्याची शुश्रूषा मेल्खिओर या ज्यू कुटुंबाने आपल्या घरी केली. ज्यूंवर दगड पडत असताना राजधानीत आलेल्या पोराला शेवटचा निवारा ज्यू घरातच मिळाला. त्याच्या आयुष्यातला मैत्रीचा सर्वांत खरा धडा आम्हाला हाच वाटतो.

तेव्हा पालकांनी आणि विहारांत रविवारचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी कुरूप पिलाची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण गोष्ट संपली की थांबू नये. कोणी टोचले, कोण नुसते बघत राहिले, आई गप्प का झाली, चिंधीला मान कोणी दिला आणि पिलू राजहंसाचे नसते तर काय, हे मुलांना विचारावे. त्यांची उत्तरे ऐकावीत. मग धुणेवालीची गोष्ट सांगावी. आणि हेही सांगावे की, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. ते कलम सुंदर पिले आणि कुरूप पिले असा भेद करीत नाही. कोणाचे अंडे कोणाचे, हे ते विचारत नाही. आपले मूल शाळेतून हिरमुसून आले तर, तू मोठा होशील तेव्हा बघू, असे म्हणून त्याची समजूत काढू नका. त्याला काय झाले ते विचारा, तक्रार कागदावर लिहा, तारीख घाला, शाळेत नेऊन द्या आणि पोच घ्या. पिलाला पंख फुटेपर्यंत वाट बघण्याची गरज नाही. आवार बदलणे हे मोठ्यांचे काम आहे.